नाकातले चार अंश

आमच्या घरात काचेची, पाऱ्याची जुनी तापमापी अजून जपून ठेवलेली आहे. तिच्यावरचे आकडे ९४ अंश फॅरनहाइटपासून सुरू होतात आणि १०८ ला संपतात. नेहमीच्या तापमानापाशी एक बारीकसा बाण आहे, आणि तो ओलांडून पारा किती पुढे गेला यावर शाळेत जायचे की अंथरुणात राहायचे हे आमच्या लहानपणी ठरत असे. गेल्या डिसेंबरात, निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या रोज वर्तमानपत्रात येत होत्या त्या आठवड्यात, माझ्या दहा वर्षांच्या मुलीला पडसे झाले आणि मी सवयीने तीच तापमापी झटकून तिच्या जिभेखाली ठेवली. पारा बाणापाशी येऊन थांबला.

"ताप नाही," मी म्हटले.

"ताप कशाला हवा?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "रविवारी न्हाऊन ओल्या केसांनी गच्चीवर गेली होती. विचार तिला."

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे अशा वेळी काय म्हणायचे ते मला पाठ आहे. पडसे विषाणूमुळे होते. विषाणू नाकात शिरलाच नाही तर माणूस दिवसभर ओल्या केसांनी बसला तरी त्याला गारठा लागेल, पडसे होणार नाही. हे उत्तर मी वीस वर्षे वर्गात आणि घरात देत आले आहे, आणि ते चुकीचेही नाही. पण त्या दिवशी तापमापी धुऊन डबीत ठेवताना माझ्या लक्षात आले की ज्या अवयवाला आजार झाला होता, त्याचे तापमान या काचेच्या नळीवर मुळात छापलेलेच नाही. नाकाच्या आतल्या अस्तराचे तापमान साधारण ३३ अंश सेल्सिअस, म्हणजे ९१.४ फॅरनहाइटच्या आसपास असते. तापमापी शरीराच्या गाभ्याची, ३७ अंशांची, खबर देते आणि नाक तिच्या पट्टीच्या खाली राहून जाते. सर्दीच्या विषाणूचा बराचसा खेळ या दोन आकड्यांमधल्या चार अंशांत चालतो, आणि तो समजून घ्यायला माणसाला अर्धे शतक लागले.

आईच्या बाजूने निदान भाषा तरी ठामपणे उभी आहे. 'सर्दी' हा शब्द फारसीतल्या 'सर्द'वरून आला, तेव्हा त्यात थंडी उघडच आहे. 'पडसे' हा संस्कृतातल्या 'प्रतिश्याय'चा मराठी वंशज, आणि प्रतिश्यायाच्या पोटात 'श्यै' हा धातू आहे, ज्याचा अर्थ गोठणे, थिजणे. 'शीत' हा शब्दही व्याकरणकार याच धातूपासून साधतात. पाणिनीच्या ज्या सूत्रात या धातूचे रूप सांगितले आहे त्याची उदाहरणे देताना टीकाकारांनी थिजलेले तूप आणि गार वारा ही जोडी घेतली आहे, आणि त्याच्या लगेच पुढचे सूत्र 'प्रति' या उपसर्गाचे आहे. हिवाळ्यात बरणीतले तूप थिजते तसे नाकात काहीतरी थिजून बसते, ही कल्पना त्या शब्दाच्या घडणीतच आहे. इंग्रजांनी तर आजाराला 'कोल्ड' म्हणून प्रश्नच मिटवला. इतक्या लोकांनी इतकी शतके एकच गोष्ट पाहिली असेल, तर ती निव्वळ भ्रम म्हणून सोडून देणे मला अलीकडे जड जाऊ लागले आहे.

नाक गार का असते, हे आधी पाहायला हवे. नाकपुडीच्या आत, बाजूच्या भिंतीवर, कागदाच्या सुरळीसारखी वळलेली तीन-तीन हाडे असतात आणि त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेले ओलसर अस्तर असते. बाहेरून येणारी हवा या सुरळ्यांमधल्या चिंचोळ्या वाटांतून जाताना तापते आणि ओलावते, आणि तेवढी उष्णता व तेवढे पाणी अस्तराला सोडावे लागते. श्वास सोडताना फुप्फुसांतून येणारी गरम, दमट हवा त्याच गार झालेल्या अस्तरावरून परत जाते आणि आपली काही उष्णता व पाणी तिथेच ठेवून जाते. माठ झिरपतो म्हणून गार राहतो. नाकाचेही जवळजवळ तसेच आहे. मिनिटाला बारा-पंधरा वेळा हा देण्याघेण्याचा व्यवहार चालतो, आणि त्यात नाक कायम थोडे तोट्यात असते. तो तोटा म्हणजेच हे चार अंश. फुप्फुसांना ३७ अंशांची हवा मिळावी म्हणून नाकाने स्वतः ३३ वर राहायचे, असा हा घरातल्या थोरल्या बाईसारखा हिशेब आहे.

माझा धाकटा भाऊ फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. त्याच्याकडे तापमान मोजायचे एक छोटे यंत्र असते, ज्याला केसाहून जरा जाड अशी थर्मोकपलची तार जोडलेली असते. ती तार तो फ्रिजच्या जाळीत अडकवतो आणि पडद्यावर आकडा वाचतो. मी ते यंत्र एक दिवस मागून घेतले, तार स्पिरिटने पुसली आणि तिचे टोक नाकपुडीच्या तोंडाशी धरून आरशासमोर बसले. खोलीत २४ अंश होते. श्वास घेताना आकडा २५ च्या आसपास येई, सोडताना चढत चढत ३३ पर्यंत जाई, आणि पुन्हा उतरे. तोंडाने श्वास सोडून पाहिला तेव्हा आकडा त्याहून वर गेला. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण ज्या आकड्याविषयी इतके वाचले होते तो आपल्याच नाकाशी हलताना पाहून मला शाळकरी मुलीसारखा आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे.

आत खोलवर काय असते तेही मोजले गेले आहे. १९८५ साली मॅकफॅडन आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी तापमान टिपणारी बारीक तार माणसांच्या श्वासमार्गात उतरवून जागोजागची नोंद घेतली. खोलीतल्या हवेत शांतपणे श्वास घेताना श्वासनलिकेच्या वरच्या भागात सुमारे ३२ अंश आणि आतल्या बारीक फांद्यांत सुमारे ३५.५ अंश भरले. अतिथंड हवेत जोरजोरात श्वास घ्यायला लावल्यावर वरचा आकडा २०.५ पर्यंत घसरला. आपण 'शरीराचे तापमान' असा एकवचनी शब्द वापरतो, पण नाकाच्या शेंड्यापासून फुप्फुसाच्या तळापर्यंत तो एक उतार आहे, आणि बाहेरच्या हवेबरोबर तो उतार मागेपुढे सरकतो.

हे सगळे सर्दीच्या विषाणूपर्यंत पोहोचले ते इंग्लंडमधल्या एका विलक्षण जागी. विल्टशायरमध्ये सॅलिसबरी गावाबाहेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने आणि तिथल्या रेडक्रॉसने साथीच्या रोगांसाठी एक इस्पितळ उभारले होते. युद्ध संपल्यावर त्या बराकी ब्रिटनला मिळाल्या आणि १९४६ मध्ये तिथे फक्त सर्दीचा अभ्यास करणारे केंद्र सुरू झाले, जे १९९० पर्यंत चालले. निरोगी माणसांनी तिथे दहा दिवस येऊन राहायचे, दोघा-तिघांनी एका बिऱ्हाडात, बाकीच्यांपासून लांब. जेवण दाराशी येई, फिरायला मोकळे माळरान होते, थोडा हातखर्चही मिळे. बदल्यात नाकात काही थेंब टाकून घ्यायचे, जे कधी सर्दी झालेल्या माणसाच्या नाकाचे धुवण असे आणि कधी नुसते निरुपद्रवी पाणी. मग डॉक्टर रोज येऊन शिंका विचारत आणि वापरलेले कागदी रुमाल मोजत. फुकटात हवापालट म्हणून लोक पुन्हा पुन्हा येत, आणि काही नवपरिणीत जोडप्यांनी मधुचंद्रही तिथेच उरकला. सर्दीच्या भीतीने आपण मुलांना पावसात सोडत नाही, आणि हे लोक सर्दी घ्यायला मुद्दाम सुट्टी काढून जात होते.

इतकी माणसे लागत, कारण विषाणू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागतात, म्हणून परीक्षानळ्यांत पेशी वाढवून त्यांवर रुग्णाच्या नाकातला द्राव घालायचा आणि पेशी मरतात का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, ही रीत होती. या नळ्या ३७ अंशांवरच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवत, कारण माणसाचे तापमान ३७ अंश असते हे सर्वांना ठाऊक होते. १९५० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत असा एखादा विषाणू हाती लागला, पण सॅलिसबरीच्या नमुन्यांतले बहुतेक विषाणू नळ्यांमध्ये काही दाखवायला तयार नव्हते, आणि माणसाच्या नाकात टाकले की सर्दी मात्र हमखास करत. डेव्हिड टिरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग नळ्यांची परिस्थिती नाकासारखी करून पाहिली. इन्क्युबेटर ३३ अंशांवर आणला, पेशींच्या पोषक द्रवात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, कमी घातला, त्यामुळे तो द्रव जरा आम्लतेकडे झुकला, आणि नळ्या सावकाश फिरत्या ठेवल्या. पेशी गोल होऊन गळू लागल्या. १९६० साली हे प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर सर्दीच्या विषाणूंची रांगच लागली. नाकावरून ऱ्हायनोव्हायरस असे नाव मिळालेल्या या कुळात आज १६० हून अधिक प्रकार मोजलेले आहेत.

मी वर्गात हा प्रसंग सांगते तेव्हा मुले हसतात, कारण उत्तर इतके सोपे वाटते. मला त्यात सोपे काही दिसत नाही. इन्क्युबेटरचे बटण फिरवायला कितीसा वेळ लागतो? पण ३७ हा आकडा इतका पक्का बसलेला असतो की तो आपण निवडला आहे हेच माणूस विसरतो.

त्याच केंद्रात आईचा प्रश्नही थेट विचारला गेला होता. काही स्वयंसेवकांना गरम पाण्याने अंघोळ घालून ओल्या पोहण्याच्या कपड्यांत वाऱ्याच्या पडवीत अर्धा तास उभे केले, आणि नंतर सकाळभर ओले पायमोजे घालून बसवले. काहींना नुसते गारठवले, काहींना नुसता विषाणू दिला, काहींना दोन्ही. नुसते गारठलेल्यांना सर्दी झाली नाही. दोन्ही मिळालेल्यांत पहिल्या खेपेला सर्दी जास्त दिसली, पण प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो फरक टिकला नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत याच प्रश्नावर आणखी एक प्रयोग झाला, त्यातही थंडीचा परिणाम आढळला नाही. माझे वीस वर्षांचे पाठ उत्तर या प्रयोगांच्या जिवावर उभे आहे.

इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते सोडवून ठेवले पाहिजेत. विषाणू ३३ अंशांवर चांगला वाढतो, हे एक. थंडीत फिरल्याने माणसाला सर्दी होते, हे दुसरे. पहिले १९६० पासून माहीत होते, पण ते तसे का, याचे उत्तर कोणी देत नव्हते. साधारण समजूत अशी होती की विषाणूची स्वतःची घडणच थंड जागेसाठी झालेली असावी, जसे सफरचंद काश्मीरला येते आणि कोकणात येत नाही. २०१५ साली येल विद्यापीठातल्या एलेन फॉक्समन, अकिको इवासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या बाजूने पाहिले. त्यांनी उंदराच्या श्वासमार्गातल्या पेशी घेतल्या, उंदराला सरावलेला ऱ्हायनोव्हायरस घेतला, आणि ३३ व ३७ अंशांवर विषाणू काय करतो यापेक्षा पेशी काय करतात हे मोजले.

पेशीत परका आरएनए, म्हणजे या विषाणूचे जनुकीय द्रव्य, शिरला की तो ओळखणारी काही प्रथिने पेशीच्या आत पहाऱ्यावर असतात. त्यांनी खूण पटवली की पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य बाहेर सोडते. १९५७ मध्ये लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी शोधलेले हे द्रव्य म्हणजे गावात पिटलेली दवंडी. ज्या पेशीने ती पिटली तिचे बहुधा काही खरे नसते, पण शेजारच्या पेशी ती ऐकून दारे लावून घेतात, आणि विषाणूला पुढचे घर सापडत नाही. येलच्या पेशींमध्ये ३७ अंशांवर ही दवंडी मोठ्याने पिटली जात होती आणि ऐकणाऱ्या पेशीही तिला अधिक जोमाने प्रतिसाद देत होत्या. ३३ वर दोन्ही मंद होते. खरी गंमत पुढे आहे. ज्या उंदरांमध्ये पहारेकरी प्रथिनांचा निरोप पोहोचवणारा दुवाच नाही, किंवा ज्यांच्या पेशींना इंटरफेरॉन ऐकूच येत नाही, अशा उंदरांच्या पेशी घेतल्या तेव्हा विषाणू ३७ अंशांवरही चांगला वाढू लागला. त्याची घडण ३७ सोसू शकत होती. ३७ वर त्याला अडवत होते ते यजमान.

मला हा निष्कर्ष वाचून थोडे ओशाळल्यासारखे झाले, कारण मी वर्गात 'या विषाणूला थंड जागा आवडते' असे वर्षानुवर्षे सांगत होते. विषाणूची आवडनिवड आपण फार सहज गृहीत धरतो. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, याच गटाने माणसाच्या पेशींवर काम केले आणि इंटरफेरॉनला बाजूला ठेवूनही फरक उरतो असे दाखवले. ३७ अंशांवर विषाणूने धरलेल्या पेशी लवकर आत्मनाश करतात, म्हणजे विषाणूची वीण पुरी होण्याआधीच घर कोसळते, आणि आरएनएचे तुकडे करणारे एक विकर तिथे अधिक कामाला लागते. या सगळ्या तपशिलात मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की चार अंशांचा फरक शरीराच्या बाजूलाच जास्त पडतो. थोरल्या बाईने सर्वांसाठी झीज सोसली आणि तिच्याच अंगणात पहारा ढिला राहिला.

इंटरफेरॉन बाहेरून नाकात घातले तर काय, हेही सॅलिसबरीत करून झाले आहे. १९७३ साली माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपासून मिळवलेले इंटरफेरॉन स्वयंसेवकांच्या नाकात फवारले आणि ऱ्हायनोव्हायरस खरोखर अडला. पण पुढे ते जास्त दिवस वापरले की नाकाचे अस्तरच चिडते आणि रक्त येते असे आढळले, आणि औषध म्हणून ते मागे पडले.

३३ हा आकडा पूजेला बसवण्यासारखा नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. १९९० च्या दशकाच्या शेवटी असे दिसले की काही ऱ्हायनोव्हायरस ३७ अंशांवरही बऱ्यापैकी वाढतात, आणि ते फुप्फुसांच्या नळ्यांतही पोहोचतात. २००६ च्या सुमारास ओळखू आलेली याच कुळातली तिसरी शाखा लहान मुलांच्या दम्याच्या झटक्यांत वारंवार सापडते. ज्या घरात दमेकरी मूल आहे त्या घरात 'साधे पडसे' हा शब्दप्रयोग जपूनच करावा.

आता दुसरा प्रश्न, ओल्या केसांचा. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफच्या सर्दी संशोधन केंद्रात क्लेअर जॉन्सन आणि रॉन एकल्स यांनी १८० माणसे बोलावली. त्यांतल्या ९० जणांनी १० अंश पाण्यात २० मिनिटे पाय बुडवून ठेवले, उरलेल्या ९० जणांनी बूटमोजे घालून रिकाम्या घमेल्यात पाय ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातल्या १३ जणांनी सर्दीची लक्षणे सांगितली, दुसऱ्या गटातल्या ५ जणांनी. एकल्स यांचे म्हणणे असे, की साथीच्या दिवसांत कित्येकांच्या नाकात विषाणू आधीच मुक्काम करून असतो आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. पाय गारठले की प्रतिक्षिप्त क्रियेने नाकातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, अस्तराचा रक्तपुरवठा घटतो, आणि झाकलेली सर्दी उघडी पडते. यात एक मोठी मेख आहे. लक्षणे माणसांनी आपल्या तोंडाने सांगितली. नाकात विषाणू आहे का, हे कोणी तपासले नाही. त्यामुळे हा प्रयोग आईला दाखवताना मी तो जपून दाखवते. २०२२ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी निरोगी माणसांना १५ मिनिटे ४.४ अंशांच्या हवेत बसवले, तेव्हा त्यांच्या नाकातले तापमान सुमारे ५ अंशांनी उतरले, आणि तेवढ्या गारव्यात नाकातल्या पेशींची आणखी एक संरक्षक क्रिया मंदावते असे त्यांना दिसले. म्हणजे नाकाचे ३३ हे काही तळाचे तापमान नाही. बाहेर थंडी असेल तर ते आणखी खाली जाते, आणि पेशींना त्याचा फरक पडतो. पण त्या माणसांना त्यातून सर्दी झाली असे कोणी म्हटलेले नाही.

आईच्या अनुभवात आणखी एक गोम आहे आणि ती इंग्लंडच्या कोणत्याही प्रयोगात सापडणार नाही. आमच्याकडे मुलांना पडसे धरते ते जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आणि त्याचे खापर दरवर्षी पहिल्या पावसात भिजण्यावर फुटते. पण महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी शाळाही जूनच्या मध्यालाच उघडतात. दोन महिने आपापल्या घरी विखुरलेली साठ मुले एका वर्गात, खिडक्या लावून, एका बाकावर तिघे अशी बसतात, आणि आठवड्याभरात निम्मा वर्ग शिंकू लागतो. समशीतोष्ण देशांतही ऱ्हायनोव्हायरसचा मोठा भर ऐन थंडीत नसतो. तो शाळा उघडल्यावर, शरदाच्या सुरुवातीला असतो. पाऊस आणि शाळा एकाच आठवड्यात येत असतील तर दोष पावसाला जातो, कारण भिजलेले मूल दारात उभे असलेले दिसते आणि शेजारच्या बाकावरून नाकाला गेलेला हात कोणाला दिसत नाही.

थंडीने पडसे होत असेल तर उष्णतेने ते जावे, हा त्यापुढचा सरळ विचार, आणि आपल्या घरांतला वाफारा त्यावरच उभा आहे. हा विचार करणारे फक्त आपणच नव्हतो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले आंद्रे ल्वॉफ, ज्यांना १९६५ चे नोबेल मिळाले, यांनी पोलिओच्या विषाणूवर काम करताना पाहिले होते की तापमान थोडे वाढवले की त्याची वाढ खुंटते, आणि ताप हे शरीराचे शस्त्र आहे असे ते आग्रहाने मांडत. उतारवयात त्यांनी इस्रायलच्या येरुशाल्मी यांच्याबरोबर नाकात गरम, दमट हवा सोडून पडसे बरे करण्याचे काम केले. १९८९ मध्ये सॅलिसबरीच्या टिरेलांनीही ४३ अंशांची दमट हवा देऊन पाहिली आणि लोकांना आराम पडल्याचे नोंदवले. मग १९९० आणि १९९४ साली अमेरिकेत त्याच प्रकारचे प्रयोग झाले आणि त्यांत काही हाती लागले नाही. नाकातून बाहेर पडणारा विषाणूही कमी झाला नाही. मला यात नवल वाटत नाही. वीस मिनिटे गरम हवा घेतली तरी डोक्यावरची चादर काढल्यावर नाक पुन्हा आपल्या कामाला लागते, आणि काही मिनिटांत परत ३३ वर येते. विषाणूचे काम मात्र दिवसरात्र चालू असते.

वाफाऱ्याविषयी मी जरा कडवट लिहीत असेन तर त्याला कारण आहे. नवव्या वर्षी मी पाटावर बसून, डोक्यावरून सोलापुरी चादर घेऊन, ओवा घातलेल्या पातेल्यावर वाकले होते. नाक मोकळे झाल्याच्या आनंदात गुडघा हलला आणि पातेले कलंडले. मांडीवरचा डाग अजून आहे, तळहाताएवढा, कडा किंचित चकाकणारा. त्या सर्दीचे पुढे काय झाले ते कोणालाच आठवत नाही. मोठ्या माणसाने टेबलावर भांडे ठेवून वाफ घेतली आणि त्याला बरे वाटले तर माझी हरकत नाही, पण लहान मुलाला उकळत्या पाण्यासमोर बसवणे मी माझ्या घरात बंद केले आहे, आणि एवढ्या एका बाबतीत आई माझ्याशी वाद घालत नाही.

नाक आणि फुप्फुस यांच्या तापमानातल्या या फरकाचा सर्वांत हुशार उपयोग मात्र सर्दीवर झालाच नाही. तो इन्फ्लुएन्झावर झाला, आणि त्यातला एक टप्पा आमच्यापासून चार-पाच तासांवर, पुण्यात घडला. फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यांत किंवा पेशींत २५ अंशांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेला तर त्यात असे बदल होतात की तो गारव्यात छान वाढतो आणि ३८-३९ अंशांवर त्याचे काही चालत नाही. अमेरिकेत ॲन आर्बरला आणि रशियात लेनिनग्राडला असे गारव्याला सरावलेले वाण तयार झाले. लेनिनग्राडच्या वाणाला २५ अंशांवर १७ वेळा पुढे न्यावे लागले आणि तो १७ त्याच्या नावातच आहे. असा विषाणू नाकात फवारला तर तो नाकात थोडा वाढतो, शरीराला ओळख करून देतो, आणि फुप्फुसांच्या उबेत उतरू शकत नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुण्यातल्या शाळा बंद पडल्या होत्या आणि रस्त्यात सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरत होते, ते अनेकांना आठवत असेल. पुढच्या वर्षी, २०१० च्या जुलैमध्ये, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नॅसोव्हॅक ही नाकात फवारायची लस बाजारात आणली, ती लेनिनग्राडच्या याच वाणावर बेतलेली होती. ज्या गारव्यामुळे नाकाचा पहारा ढिला पडतो, त्याच गारव्यात लशीचा विषाणू बांधून घातला, ही कल्पना मला फार देखणी वाटते.

मुलीचे पडसे सहा दिवसांनी उतरले. सातव्या दिवशी सकाळी ती भावाचे ते यंत्र घेऊन माझ्यामागे लागली, आणि आम्ही दोघी सूर्य वर येण्याआधी गच्चीवर गेलो. बाहेर ११ अंश होते. तार तिच्या नाकाशी धरली तेव्हा श्वास सोडताना आकडा ३०.४ च्या पुढे जाईना. आत, खोलीत, तो ३३ ला पोहोचत होता. तिने तो वहीत लिहिला. तेवढ्यात आई मफलर घेऊन वर आली, तिने तो नातीच्या नाकावरून दोनदा फिरवून मागे गाठ मारली, आणि आम्ही तार मफलरच्या आत सरकवून पुन्हा मोजले. आता श्वास घेतानाच आकडा १९ होता, आणि सोडताना ३२.१.

"माझं बघ," आई म्हणाली आणि खाली वाकून नाक पुढे केले. २९.८ आले. तिने चष्मा वर करून पडद्यावरचा आकडा स्वतः वाचला, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि काही न बोलता चहा टाकायला खाली गेली.